प्रोसेसरची पारख : किंमत आणि कार्यक्षमता

जबलपूर हे नर्मदाकाठचे शहर महाराष्ट्राबाहेर असले, तरी मराठी माणसाला ते परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यानंतरही न्यायालय, रेल्वे, लष्करी कारखाने आणि महाविद्यालये यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली, आणि त्यांच्याबरोबर मराठी पुस्तकेही आली. अशा शहरातील एका लहानशा मराठी वाचनालयाची कल्पना आपण करू. त्याच्या कपाटांत जुनी पुस्तके आहेत. त्यांचा कागद पिवळा पडला आहे आणि पान उलटताना कडा तुटून हातात येतात. नव्या प्रती मिळण्याची शक्यता नाही. तेव्हा या पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि छापील अक्षरे संगणकाकडून ओळखवून घेऊन मजकूर जतन करावा, असे कार्यकारी मंडळाने ठरविले आहे. वर्गणीतून थोडी रक्कम जमली आहे. मढाताल भागातील जयंती कॉम्प्लेक्समधील दुकानांतून दोन दरपत्रके आली आहेत. दोन्हींत यंत्राचे इतर भाग सारखेच आहेत. फरक आहे तो प्रोसेसरचा आणि अर्थातच किमतीचा. मंडळाने कोणते यंत्र घ्यावे?

प्रश्न लहान दिसतो, परंतु चुकीचे उत्तर परवडणारे नाही. वर्गणी पुन्हा लवकर जमणार नाही, आणि कागद तर थांबणारच नाही. म्हणून या प्रकरणात आपण दोन प्रतिस्पर्धी प्रोसेसरांची तुलना कशी करावी, याचा पद्धतशीर विचार करणार आहोत.

जुळाऱ्याचे उदाहरण

प्रोसेसर हा संगणकाचा मुख्य कामगार होय. दिलेल्या सूचना एकामागून एक वाचणे आणि त्यांप्रमाणे आकडेमोड, तुलना व हलवाहलव करणे, एवढेच त्याचे काम. त्याच्या वेगाची कल्पना येण्यासाठी आपण जुन्या छापखान्यातील जुळाऱ्याकडे, म्हणजे खिळे जुळविणाऱ्या कामगाराकडे पाहू.

जुळाऱ्याचा वेग तीन गोष्टींवर अवलंबून असतो. त्याचा हात मिनिटाला किती वेळा केसकडे जातो, ही पहिली गोष्ट. प्रत्येक खेपेस तो किती खिळे उचलतो, ही दुसरी. आणि हवा असलेला खिळा समोरच्या घरात आहे की त्यासाठी उठून कोठारात जावे लागते, ही तिसरी. प्रोसेसरच्या बाबतीत हाताच्या हालचालींच्या संख्येला घड्याळाचा वेग म्हणतात आणि तो मेगाहर्ट्झ किंवा गिगाहर्ट्झ या एककांत मोजतात. एका गिगाहर्ट्झमध्ये सेकंदाला शंभर कोटी ठोके पडतात. दर ठोक्याला पुऱ्या होणाऱ्या सूचनांची संख्या प्रत्येक रचनेत वेगळी असते. समोरच्या घराचे काम प्रोसेसरमधील ‘कॅश’ नावाची छोटी स्मृती करते, तर कोठार म्हणजे यंत्रातील मुख्य स्मृती, ज्याला आपण रॅम म्हणतो.

याशिवाय छापखान्यात एकाऐवजी चार किंवा आठ जुळारी ठेवता येतात. आजच्या प्रोसेसरमध्ये असे अनेक कामगार एकाच तुकड्यावर असतात. त्यांना ‘कोअर’ म्हणतात. शंभर वेगवेगळी पाने जुळवायची असतील, तर आठ जुळारी ती आपसांत वाटून घेतील. पण एकच ओळ जुळवायची असेल, तर सात जण हात बांधून उभे राहतील आणि काम एका हाताच्या वेगानेच होईल. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली, म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

स्पर्धेचा थोडा इतिहास

सूक्ष्मप्रक्रियकाच्या, म्हणजेच एका तुकड्यावर सामावलेल्या प्रोसेसरच्या इतिहासात किंमत हा घटक आरंभापासूनच निर्णायक ठरला आहे. इंटेलचा ८०८० आणि मोटोरोलाचा ६८०० हे दोन्ही १९७४ चे प्रोसेसर. त्यांचा सुट्या नगाचा दर ३६० डॉलर होता. १९७५ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ हा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरला विक्रीस आणला. तो मोठ्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सर्व बाबतींत सरस नव्हता, पण पुरेसा चांगला होता आणि हौशी तंत्रज्ञाच्या खिशाला परवडणारा होता. याच कारणाने स्टीव्ह वॉझ्निअॅकने आपल्या पहिल्या अॅपल संगणकासाठी तो निवडला. आपल्या देशात १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला. त्यात वापरलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकातही याच कुळातील, २ मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर होता. अनेक भारतीय विद्यार्थ्यांनी संगणक प्रथम पाहिला तो असा.

मेजावरील संगणकांच्या क्षेत्रातील आजची मुख्य स्पर्धा मात्र इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्यांतील आहे. तिचा उगम एका गिऱ्हाइकाच्या सावधपणात सापडतो. आयबीएमने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात इंटेलचा प्रोसेसर होता. परंतु एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे आयबीएमला धोक्याचे वाटले. म्हणून दुसरा पुरवठादार असावा असा तिने आग्रह धरला, आणि १९८२ च्या करारान्वये एएमडीला तेच प्रोसेसर तयार करण्याचा परवाना मिळाला. पुढे दोघांचे बिनसले, दीर्घकाळ खटले चालले, आणि भागीदाराचा प्रतिस्पर्धी झाला. दोघांचे प्रोसेसर एकाच प्रकारच्या सूचना समजतात, त्यामुळे एकच कार्यप्रणाली व तेच कार्यक्रम दोहोंवर चालतात. गिऱ्हाइकाला तुलना करणे शक्य झाले ते यामुळेच.

या स्पर्धेच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव दोन्ही बाजूंस आढळते. १९५० मध्ये पुण्यात जन्मलेले विनोद धाम हे १९७९ मध्ये इंटेलमध्ये गेले आणि १९९३ मध्ये बाजारात आलेल्या पेंटियम प्रोसेसरच्या निर्मितीत त्यांचा मोठा वाटा होता. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि तिच्या रचनेवर आधारलेला के-६ हा प्रोसेसर १९९७ मध्ये पेंटियमसमोर उभा राहिला. तो पेंटियमसाठी बनविलेल्या खोबणीतच बसत असे. त्यामुळे गिऱ्हाइकाला सबंध यंत्र बदलावे लागत नसे. किमतीचा विचार करताना या गोष्टीचे महत्त्व किती असते, हे आपण पुढे पाहू.

गिगाहर्ट्झचा भ्रम

२००० सालच्या मार्च महिन्यात दोन्ही कंपन्यांनी एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. एएमडीचा अॅथलॉन ६ मार्चला आला, इंटेलचा पेंटियम-३ दोनच दिवसांनी. घाऊक खरेदीचे दर अनुक्रमे १,२९९ व ९९० डॉलर होते. त्या काळात घड्याळाचा वेग म्हणजेच प्रोसेसरचा वेग असा समज सर्वत्र रूढ झाला होता आणि जाहिराती त्याला खतपाणी घालीत होत्या.

या समजाला धक्का बसला तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये. इंटेलचा नवा पेंटियम-४ हा १.४ व १.५ गिगाहर्ट्झ वेगाचा होता, तरीही कित्येक कामांत तो एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम-३ च्या मागे पडे. त्याचा हात झपाझप चाले, पण प्रत्येक खेपेस तो थोडे खिळे उचली. आपल्या मालाची किंमत केवळ घड्याळावरून होऊ नये, म्हणून एएमडीने २००१ मध्ये नावांचीच पद्धत बदलली. ‘१८००+’ असे नाव असलेल्या प्रोसेसरचे घड्याळ प्रत्यक्षात १,५३३ मेगाहर्ट्झचे होते. पुढे पेंटियम-४ चे घड्याळ ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेले. परंतु उष्णता आवरेना, आणि ४ गिगाहर्ट्झची योजना इंटेलला २००४ मध्ये सोडून द्यावी लागली. २००६ मध्ये त्याच कंपनीने आणलेला कोअर-२ ड्युओ हा २.४ गिगाहर्ट्झ वेगावर आपल्याच जुन्या, अधिक वेगवान घड्याळाच्या प्रोसेसरांना मागे टाकू लागला.

तात्पर्य असे की, डब्यावर छापलेल्या गिगाहर्ट्झच्या आकड्यावरून दोन भिन्न रचनांची तुलना करता येत नाही. तीच गोष्ट कोअरच्या संख्येची. २०१७ च्या मार्चमध्ये एएमडीने रायझन-७ १८००एक्स हा आठ कोअरांचा प्रोसेसर ४९९ डॉलरला आणला. त्या वेळी इंटेलच्या आठ कोअरांच्या कोअर आय-७ ६९००के या प्रोसेसरचा दर १,०८९ डॉलर होता. चित्रपटांची दृश्ये रचणे, चित्रफिती संकुचित करणे यांसारख्या वाटून करता येणाऱ्या कामांत हे दोघे जवळपास बरोबरीचे ठरले. तेव्हा रायझन उघडच फायद्याचा होता. पण त्याच वेळी इंटेलचा चार कोअरांचा आय-७ ७७००के हा सुमारे ३४० डॉलरला मिळत होता, आणि खेळांसारख्या, एकेका कोअरच्या वेगावर अवलंबून असलेल्या कामांत तो दोघांनाही मागे टाकीत असे. मग या तिघांत श्रेष्ठ कोण? काम सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

मोजमाप कसे करावे

कार्यक्षमतेचे खरे माप एकच : ठरलेले काम पुरे होण्यास लागणारा वेळ. यासाठी तज्ज्ञांनी कसोटी-कार्यक्रम तयार केले आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेली स्पेक ही संस्था अशा कसोट्या प्रसिद्ध करते. नियतकालिकांतील परीक्षणेही उपयोगी असतात. परंतु ती वाचताना एका सापळ्यापासून जपले पाहिजे.

समजा, पहिल्या कामात ‘ख’ हा प्रोसेसर ‘क’ च्या दुप्पट वेगवान आहे आणि दुसऱ्या कामात निम्म्या वेगाचा. ‘क’ ला १ मानून ‘ख’ चे आकडे २ आणि ०.५ असे येतात. त्यांची सरासरी १.२५. म्हणजे ‘ख’ हा पंचवीस टक्क्यांनी सरस. आता ‘ख’ ला १ माना. ‘क’ चे आकडे ०.५ आणि २, सरासरी पुन्हा १.२५. म्हणजे आता ‘क’ सरस! एकाच मोजमापातून परस्परविरोधी निष्कर्ष निघाले. म्हणून अशा गुणोत्तरांसाठी साधी सरासरी न घेता गुणोत्तर मध्य घेतात. दोन आकड्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले, की उत्तर १ येते, म्हणजे दोघे बरोबरीचे. स्पेकची पद्धती हीच आहे. तथापि, कोणतीही सरासरी अनोळखी कामांची असते. ज्याला आपले काम नक्की ठाऊक आहे, त्याने त्याच कामाचा वेळ पाहणे उत्तम.

वाचनालयाचा हिशेब

आता आपण वाचनालयाकडे परतू. समजा, ‘क’ प्रोसेसरची किंमत १२,००० रुपये आणि ‘ख’ ची २४,००० रुपये आहे. मदरबोर्ड, स्मृती, साठवण, पडदा व करांसह यंत्राच्या उर्वरित भागांची किंमत २८,००० रुपये धरू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तीनशे पानांवरील अक्षरे ओळखण्यास ‘क’ ला ६० मिनिटे लागतात आणि ‘ख’ ला ४०. म्हणजे या कामात ‘ख’ चा वेग दीडपट आहे.

पहिला हिशेब केवळ प्रोसेसरचा. ‘क’ मध्ये एक माप कामासाठी १२,००० रुपये पडतात. ‘ख’ मध्ये दीड मापासाठी २४,००० रुपये, म्हणजे एका मापाला १६,००० रुपये. ‘क’ स्वस्त ठरला.

दुसरा हिशेब संपूर्ण यंत्राचा, कारण नुसता प्रोसेसर मेजावर ठेवून काम होत नाही. ‘क’ चे यंत्र ४०,००० रुपयांचे, ‘ख’ चे ५२,००० रुपयांचे. ५२,००० ला दीडने भागले असता एका मापाला सुमारे ३४,६६७ रुपये येतात. आता ‘ख’ स्वस्त ठरला. दुकानदार बहुधा हा हिशेब दाखवील, आणि तो खोटा नाही.

तिसरा हिशेब संपूर्ण दिवसाचा. तीनशे पानांची छायाचित्रे घेण्यास पाच तास लागतात. त्यांना नावे देणे, नोंदी करणे आणि वरवर तपासणी करणे यांस दोन तास. अक्षरे ओळखण्याचे काम ‘क’ वर एक तास. एकूण आठ तास, म्हणजे ४८० मिनिटे. ‘ख’ घेतल्यास त्यांतील वीस मिनिटे वाचतात आणि ४६० मिनिटे लागतात. दिवसभराच्या कामाचा वेग दीडपट झाला नाही. तो अवघा १.०४ पट झाला. ५२,००० ला या संख्येने भागले तर जवळजवळ ५०,००० येतात, आणि ‘क’ चे तर ४०,००० च. ‘क’ पुन्हा स्वस्त ठरला.

या तिसऱ्या हिशेबामागील तत्त्व जीन अॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडले. कामाचा एक भाग कितीही वेगवान केला, तरी उरलेला भाग एकूण लाभाला मर्यादा घालतो. वाचनालयाने जगातील सर्वांत वेगवान प्रोसेसर आणला आणि अक्षरे क्षणार्धात ओळखली गेली, तरी आठ तासांचे सात तास होतील, त्याहून कमी नाही. पान उलटणारा हात माणसाचाच राहणार आहे.

किमतीत आणखी काय मिळवावे

दरपत्रकावर न दिसणारे काही खर्चही असतात. त्यांपैकी पहिला विजेचा. ‘क’ पूर्ण भाराखाली ६५ वॅट वीज घेतो आणि ‘ख’ १२५ वॅट, असे समजू. ‘क’ एक तास चालून ६५ वॅट-तास खर्च करतो. ‘ख’ चाळीस मिनिटांत सुमारे ८३. वर्षातील तीनशे दिवसांत हा फरक जेमतेम साडेपाच युनिटांचा होतो, आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पण जेथे प्रोसेसर दिवसाचे आठही तास पूर्ण भाराखाली राबतो, तेथे हाच फरक वर्षाला १४४ युनिटांवर जातो. येथेही काम काय आहे यावरच उत्तर अवलंबून राहते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो. प्रोसेसरवरील पंखा त्याला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ तापमानातील वाढ मर्यादित ठेवतो. ही वाढ ६० अंशांची असेल, तर २५ अंशांच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत प्रोसेसर ८५ अंशांवर राहील. ४३ अंशांच्या खोलीत तो १०३ अंशांवर जाऊ पाहील. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची सुरक्षित मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठताच ते स्वतःच आपला वेग कमी करतात. म्हणजे परीक्षणात वाचलेला वेग मे महिन्याच्या दुपारी मिळेलच असे नाही, आणि अधिक वीज घेणाऱ्या प्रोसेसरवर हा प्रसंग अधिक वेळा येतो. चांगला पंखा व हवेशीर पेटी यांची किंमत म्हणूनच प्रोसेसरच्या किमतीत मिळविली पाहिजे.

तिसरी गोष्ट भविष्यातील बदलाची. एएमडीने एएम-४ ही खोबण २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ पर्यंतच्या अनेक नव्या प्रोसेसरांसाठी कायम ठेवली, आणि अनेक जुन्या मदरबोर्डांवर नवे प्रोसेसर बसविता आले. याउलट, इंटेलच्या २०१७ अखेरच्या प्रोसेसरांची खोबण दिसायला जुन्यासारखीच होती, तरी त्यांना नवा मदरबोर्ड घ्यावा लागला. आज स्वस्त प्रोसेसर घेऊन चार वर्षांनी त्याच खोबणीत चांगला बसविता येत असेल, तर ती सोय म्हणजे हाती राहिलेला पैसाच होय. यात कोणत्याही कंपनीचा कायमचा गुण किंवा दोष पाहू नये. खरेदीच्या वेळी ती खोबण पुढे चालणार आहे काय, एवढे विचारावे.

निर्णय

आता मंडळाने एक शेवटचा प्रश्न स्वतःला विचारावा : अक्षरे ओळखण्याचे काम दिवसाच करायला हवे काय? त्यासाठी कोणी समोर बसण्याची गरज नसते. दिवसभर पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि वाचनालय बंद करताना यंत्राला काम लावून जावे. रात्रीच्या दहा-बारा तासांत साठ मिनिटे आणि चाळीस मिनिटे यांतील फरकाला काही अर्थ उरत नाही. मग वाचलेल्या बारा हजार रुपयांतून रात्री वीज गेल्यास यंत्र जपणारा बॅटरीसंच, मजकुराच्या दोन प्रती ठेवण्यासाठी दोन स्वतंत्र डिस्क आणि पुस्तकाची शिवण न ताणता पाने टिपता यावीत अशी लाकडी चौकट व दिवे घेता येतील. पुस्तके वाचविण्याच्या मूळ हेतूला या वस्तू महाग प्रोसेसरपेक्षा अधिक उपकारक ठरतील.

याच शहरातील एखाद्या चित्रफीत संपादकाने मात्र हाच हिशेब मांडून ‘ख’ घ्यावा, कारण तो दिवसभर प्रोसेसरचीच वाट पाहत बसतो. दोघांचेही निर्णय बरोबर असतील. आधी आपल्या दिवसाचा आराखडा कागदावर लिहावा, त्यातील किती मिनिटे आपण यंत्रासाठी थांबतो ते मोजावे, तेवढीच मिनिटे नव्या प्रोसेसरने कमी होतील असे धरावे, आणि मग संपूर्ण यंत्राच्या किमतीशी त्यांचा मेळ घालावा. प्रोसेसरची नावे दरवर्षी बदलतील, आकडे वाढत जातील, कधी एक कंपनी पुढे असेल तर कधी दुसरी. हिशेबाची ही रीत मात्र बदलणार नाही.